वावड्यावर जिभेखालचे थेंब : तीन पावसाळ्यांचा हिशेब



मृगाचा पहिला पाऊस पडला की आपल्या वस्त्यांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पत्र्यावर ताडपत्री चढते आणि पहाटेपासून घराघरांतून शिंका ऐकू येऊ लागतात. कोणाचे डोळे चुरचुरतात, कोणाचे नाक गळते, कोणाच्या छातीतून रात्री शिट्टी वाजते. "सर्दीच आहे, जाईल," असे म्हणून पोरांना हळद घातलेले दूध पाजले जाते. सर्दी काही जात नाही. दिवाळीपर्यंत मुक्काम करते आणि पुढल्या मृगाला पुन्हा हजर होते.

अलीकडे या दुखण्यावर एक उपाय आपल्या भागात वारंवार कानी पडतो. जिभेखाली टाकायचे थेंब! ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत लोक एकमेकांना विचारतात, "घ्यावेत का हो ते थेंब?" कोणी म्हणतो, आमच्या पोराचा दमा पळाला. कोणी म्हणतो, नुसती लुबाडणूक आहे. मी काही डॉक्टर नव्हे. मी पेशाने कारकून, बी.कॉम. झालेला माणूस. जमाखर्च समजतो, एवढेच माझे भांडवल. परंतु हे थेंब माझ्या बहिणीच्या घरात आले, आधी चुकीच्या वाटेने आणि मग बरोबर वाटेने. दोन्ही वेळच्या पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजले ते त्या पावत्यांच्या जोडीने आपल्यापुढे ठेवतो.

रात्री दोनची रिक्षा

माझी धाकटी बहीण कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत राहते. दहा बाय पंधराची खोली, वर माळा, आणि पाच माणसे. तिचे यजमान डोंबिवलीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. भाचा २०२२ साली नऊ वर्षांचा होता. चौथ्या वर्षापासून त्याला शिंका, आणि सातव्या वर्षापासून पावसाळ्यात रात्रीचा दम. पालिकेच्या दवाखान्यातून त्याला तोंडात मारायचा पंप मिळालेला होता. पण शेजारपाजारच्या बायांनी बहिणीला भीती घातली, "अगं, एकदा पंप लागला की जन्मभर सुटत नाही." मग पंप कपाटात आणि पोरगा धापा टाकतोय, असा प्रकार.

त्या जून महिन्यात एका ठिकाणी शिबिर भरले होते. कोणाचे, ते सांगत नाही. तिथे एका गृहस्थांनी पोराची नाडी पाहिली, छाती पाहिली आणि वर्षभराच्या बाटल्यांचे 'पॅकेज' काढून दिले. कातडीची चाचणी नाही, रक्ताची नाही. बाटलीवर औषध कोणत्या वस्तूचे ते लिहिलेले नाही, नुसता एक नंबर. किंमत अठ्ठावीस हजार. बहिणीने बचत गटातून कर्ज उचलले. निघताना त्या गृहस्थांनी शेवटचा सल्ला दिला, "आता पंप फेकून द्या."

तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता मला फोन आला. "दादा, याला बोलता येईना. ओठ निळे पडलेत." मी ठाण्याहून निघून पोचेपर्यंत यजमानांनी रिक्षा मिळवून त्याला रुग्णालयात नेले होते. तोंडाला मास्क, वाफेचे मशीन, हाताला सलाईन. पहाटे पाचला पोराने पहिला शब्द काढला, "मामा". रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरने सगळी हकिगत ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "पंप का बंद केला?" बहिणीकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते, कारण दिवसभर दुसऱ्यांच्या फायली तपासणाऱ्या मला आपल्या भाच्याच्या औषधाची पावती कधी तपासावीशी वाटली नव्हती.

वावडे म्हणजे शरीराची चुकीची ओळख

आपल्या आज्यांच्या तोंडी एक नेमका शब्द होता, वावडे. "तिला वांग्याचं वावडं आहे," असे त्या म्हणत. अ‍ॅलर्जी म्हणजे तेच. हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने तयार केला. जी वस्तू दहा माणसांना काही करीत नाही, तिला अकराव्याचे शरीर शत्रू समजते आणि लढाई सुरू करते. शिंक, खाज, पाणी, दम हा सारा त्या लढाईचा गोंधळ. शत्रू नसतोच मुळी! १९६०च्या दशकात अमेरिकेत काम करणारे इशिझाका हे जपानी दाम्पत्य आणि स्वीडनमधले संशोधक यांनी वेगवेगळ्या वाटांनी या लढाईतला शिपाई शोधून काढला. त्याला आयजीई असे नाव आहे. रक्ताच्या अहवालावर आपण हीच तीन अक्षरे वाचतो.

आपल्याकडे घरातला मोठा गुन्हेगार म्हणजे डस्ट माइट, धुळीतला आठ पायांचा जीव. हा कोळ्याच्या नात्यातला. लांबी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढीही नाही, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगाची झडलेली कातडी हे त्याचे अन्न, आणि हवेतला दमटपणा हेच त्याचे पाणी. वावडे असते ते मुख्यतः त्याच्या विष्ठेचे. १९६४च्या सुमारास नेदरलँड्समधील लायडेन येथे फोरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातल्या धुळीचे वावडे हे खरे या जिवाचे वावडे आहे असे दाखवून दिले. आता आपल्या घरांचा विचार करा. खाडीकाठची दमट हवा, चार महिने ऊन नाही, एकावर एक रचलेल्या गाद्या, आजीच्या हातची वाकळ, खिडकी एकच. माइटला याहून चांगले घर कोणते? दुसरा गुन्हेगार झुरळ. स्वयंपाकाच्या ओट्याखाली, मोरीत, गटाराच्या झाकणाशी त्याचे राज्य. त्याचेही वावडे दम्याच्या पुष्कळ रुग्णांत सापडते. शिवाय ओल्या भिंतीवरची बुरशी आहे, गवताचे परागकण आहेत, आणि रेल्वे रुळांकडेला पांढऱ्या फुलांनी माजणारे गाजरगवत आहे. पुण्यात १९५०च्या दशकात प्रथम दिसलेले हे गवत आज कुठे नाही?

त्या रात्रीनंतर एका जाणत्या छातीच्या डॉक्टरबाईंकडे भाच्याला नेले. त्यांनी पहिल्या दिवशी थेंबांचे नावही काढले नाही. पंप कसा मारायचा ते पोराला आणि आईला शिकवले, पंपाला प्लास्टिकचा डबा जोडून. रोजचा पंप वेगळा आणि अडचणीच्या वेळचा वेगळा, हे कागदावर रंगाने लिहून दिले. बहिणीने भीत भीत विचारले, "बाई, याची सवय लागेल का?" त्या म्हणाल्या, "ताई, चष्म्याची सवय लागते का? गरज आहे तोवर लावायचा." चार महिने दम आटोक्यात राहिला, तेव्हा कातडीची चाचणी झाली.

ती चाचणी मी स्वतः पाहिली. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेवर एकेका वस्तूच्या अर्काचा थेंब ठेवतात आणि बारीक टोचतात. रक्त येत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी कुठे डास चावल्यासारखी गांधी उठली ते पट्टीने मोजतात. नुसत्या मिठाच्या पाण्याच्या टोचणीपेक्षा ती तीन मिलिमीटर किंवा अधिक मोठी असेल तर वावडे आहे असे धरतात. या चाचणीआधी शिंकांच्या गोळ्या सुमारे आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर खरे वावडे असूनही गांध उठत नाही. पंप मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नये. भाच्याच्या हातावर माइटची गांध सर्वांत मोठी आली, तिच्या खालोखाल झुरळाची. शेंगदाणे, अंडी, मासळी, कशाचेच वावडे नव्हते. आणि आम्ही दोन वर्षे पोराची अंडी बंद केली होती!

इथे एक इशारा देतो. रक्ताच्या एका नमुन्यात दोनशे पदार्थ तपासून, "हे हे खाऊ नका" अशी लांबलचक यादी देणाऱ्या चाचण्या निघाल्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा आयजीजी नावाच्या वेगळ्याच घटकाच्या असतात. माणूस जे खातो त्याचे आयजीजी रक्तात सापडतेच. त्यावरून वावडे ठरत नाही, असे युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच स्पष्ट केले आहे. अहवाल हातात पडला की आधी तीन अक्षरे वाचा, आयजीई की आयजीजी.

काट्याने काटा, पण थेंबाथेंबाने

आता थेंबांकडे वळू. ज्याचे वावडे, त्याचाच अर्क अगदी थोड्या प्रमाणात रोज शरीराला द्यायचा आणि हळूहळू ओळख पटवायची, ही त्यामागची कल्पना. नवीन वस्तीत आलेल्या माणसाकडे पहिल्या दिवशी सगळे संशयाने बघतात, पण रोज दिसू लागला की कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत, तसेच काहीसे. कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून या डॉक्टरने गवताच्या परागकणांचा अर्क सुईने देऊन पाहिला आणि १९११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. गंमत अशी की परागकणांत विष असते, अशी नूनची समजूत होती. ती समजूत चुकीची ठरली, उपाय मात्र बरोबर निघाला. नून स्वतः क्षयाने आजारी होता आणि १९१३ साली, चाळिशीही न गाठता, वारला. काम त्याचा सहकारी जॉन फ्रीमन याने पुढे नेले. भारतात दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. डी. एन. शिवपुरी यांनी आपल्याकडचे परागकण, बुरशी आणि कीटक यांच्या वावड्यावर पायाभूत काम केले. आपल्या देशातले वावडे आपल्या झाडाझुडपांवरून ओळखायला हवे, लंडनच्या गवतावरून कसे चालेल?

सुईत एक धोका होता. अर्क थेट अंगात जात असल्यामुळे क्वचित एखाद्याचे सारे शरीर एकदम खवळते, रक्तदाब कोसळतो, श्वासनळ्या आवळतात. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८६ साली जाहीर केले की १९५७ पासून अशा सुयांमुळे २६ मृत्यू झाल्याची नोंद आहे. तिथे या उपचारावर कडक बंधने आली आणि संशोधकांचे लक्ष दुसऱ्या वाटेकडे अधिक वळले. ती वाट जिभेखालून जाते. जिभेखालची कातडी नाजूक असते. तिच्यातल्या पहारेकरी पेशी बाहेरून आलेली वस्तू पकडून शरीराच्या संरक्षण खात्याकडे नेतात. तोंडावाटे रोज अन्न जात असल्याने तिथला कल मुळात सांभाळून घेण्याकडे असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८च्या निवेदनात या मार्गाला सुईचा पर्याय म्हणून जागा मिळाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली गवत आणि रॅगवीडच्या परागकणांच्या, तर २०१७ साली माइटच्या, जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांना परवानगी दिली. थेंबांना मात्र तिथे अशी परवानगी दिलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. गोळीत औषध किती ते ठरलेले असते आणि मोठ्या चाचण्या झाल्या त्या मुख्यतः गोळ्यांच्या. थेंबांत एका कंपनीची ताकद दुसरीशी जुळेलच असे नाही. म्हणून बाटलीवर अर्काचे नाव, ताकद, कंपनी, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती घेऊ नये. आमच्या अठ्ठावीस हजारांच्या बाटल्यांवर यातले काहीच नव्हते.

घेण्याची रीत साधी आहे. ठरलेले थेंब जिभेखाली टाकायचे, एक-दोन मिनिटे तिथेच ठेवायचे, मग गिळायचे. नंतर काही वेळ पाणी नाही, चहा नाही. भाच्याला डॉक्टरबाईंनी पंधरा मिनिटे सांगितली होती. पहिला डोस दवाखान्यात डॉक्टरांसमोर घ्यावा आणि अर्धा तास तिथेच बसावे. "घरी जाऊन घ्या" म्हणणाऱ्याकडून उठून यावे. सुरुवातीला तोंडात खाज सुटते, जिभेखाली थोडी सूज येते, ते बहुधा काही दिवसांत कमी होते. पण अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, दम लागला, चक्कर आली तर एक मिनिटही न थांबता रुग्णालय गाठावे. हे फार विरळा घडते, पण घडू शकते. तोंडात जखम असेल, दात काढला असेल, ताप असेल किंवा त्या दिवशी दम लागलेला असेल तर थेंब थांबवून डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणात हा उपचार नव्याने सुरू करीत नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर तो जमत नाही, म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांचे कागद दाखवावेत. साधारण पाच वर्षांखालील मुलांना देत नाहीत. बाटली फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायची, बर्फाच्या खणात नव्हे. फ्रीज नसेल तर तसे आधीच डॉक्टरांना सांगावे, लाजू नये.

जमाखर्च

आता माझ्या विषयाकडे येतो. भाच्याचे थेंब जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. आम्हांला महिन्याला सरासरी दीड हजार रुपये पडले. दरमहा दीड हजार म्हणजे छत्तीस महिन्यांचे चोपन्न हजार. चाचणी, येणे-जाणे, तपासणीची फी वेगळी. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या माणसाला हा आकडा लहान नाही. म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरबाईंना मी स्पष्टच विचारले, "वर्षभर घेऊन बंद केले तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "मग सुरूच करू नका."

त्याचे कारण नंतर मला वाचायला मिळाले. लंडनच्या संशोधकांनी गवताचे वावडे असलेल्या १०६ प्रौढांवर केलेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी दोन वर्षे उपचार दिला, मग थांबवला. तिसऱ्या वर्षी तपासले तेव्हा उपचार घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. तीन वर्षे घेतल्यास फायदा उपचार संपल्यावरही काही काळ टिकतो, असे इतर अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे अर्ध्यावर सोडले तर घातलेले पैसे बुडीत खाती जातात. याची दुसरी बाजूही आहे. नीट वर्षभर घेऊन काडीचा फरक पडला नाही, तर डॉक्टरांशी बोलून बंद करावे. आशेवर आणखी दोन वर्षे हप्ते भरू नयेत. ज्या घरात तीन वर्षे दरमहा ही रक्कम निघणार नाही त्या घराने कर्ज काढून हा उपचार मुळीच सुरू करू नये, असे माझे मत आहे. त्यात कमीपणा नाही. पंप, नाकातला फवारा आणि अंथरुणाची स्वच्छता यांवर बहुसंख्य लोकांचा त्रास आटोक्यात राहतो. पंप जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतात. कामगार विम्याचे कार्ड असेल तर ते वापरा. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही पालिकांची रुग्णालये आपल्याच करातून चालतात. पहिला केसपेपर तिथे काढावा.

बहिणीने घरातही बदल केले. जुन्या गाद्या काढून टाकल्या. चादरी-उशांचे अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात. माइट मरायला साठ अंश तरी उष्णता लागते, हात घालवणार नाही इतके पाणी तापले पाहिजे. उघडीप मिळाली की वाकळ कडक उन्हात. ओट्याखालच्या फटी सिमेंटने बुजवल्या, रात्री खरकटे ठेवणे बंद. यजमानांनी घरात विडी ओढणे सोडले. तेच सर्वांत अवघड गेले, असे बहीण सांगते.

मी एका वहीत पोराच्या शाळेच्या खाड्यांची नोंद ठेवली आहे. २०२२च्या पावसाळ्यात तेवीस दिवस, २०२३ मध्ये पंधरा, २०२४ मध्ये नऊ, २०२५ मध्ये चार. आता हे श्रेय कोणाच्या खाती जमा करायचे? थेंबांच्या, पंपाच्या, कढत पाण्याच्या, की विडी सुटल्याच्या? मूलही मोठे होत असते. प्रामाणिकपणे सांगायचे तर एका पोराच्या वहीवरून हे ठरत नाही. त्यासाठी शेकडो माणसांना खरे आणि शेकडोंना खोटे औषध देऊन, कोणाला काय दिले ते लपवून तपासावे लागते. माइटच्या गोळ्यांची अशी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. दमा असलेले ८३४ प्रौढ तीत होते. त्यांचा रोजचा पंप हळूहळू कमी करीत नेला, तेव्हा खऱ्या गोळीवाल्यांत दम उसळण्याचा धोका कमी आढळला. कमी आढळला, नाहीसा झाला नाही!

दरवर्षी मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला बत्तिनी गौड कुटुंब जिवंत मासळीच्या तोंडात औषध घालून लोकांना गिळायला देते. दम्यासाठी हजारो लोक जातात, आपल्या भागातूनही गाड्या भरून जातात. पैसे घेत नाहीत, हे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे. पण औषधात काय आहे ते गुप्त, आणि वर सांगितली तशी कसोटी त्याला लागलेली नाही. तेही तोंडात घालायचे आणि थेंबही तोंडातच घालायचे. फरक आहे तो वहीचा, ज्यात यश आणि अपयश दोन्ही लिहिलेले असते.

ज्यावर थेंब नाहीत

एक गोष्ट डोंबिवलीकरांसाठी मुद्दाम लिहितो. बहिणीच्या यजमानांबरोबर काम करणाऱ्या एकाची पत्नी एमआयडीसीच्या कुंपणालगत राहते. रात्री वास सुटला की तिचे डोळे झोंबतात, खोकल्याची उबळ येते. भाच्याला गुण आला हे ऐकून तीही थेंब मागायला गेली. चाचणी झाली. एकही गांध उठली नाही. डॉक्टरबाईंनी सांगितले, "ताई, तुम्हांला वावडे नाही. धुराने कोणाचीही छाती जळते. त्याचे थेंब नसतात." बाई रडवेली झाली. तिला वाटले आपल्याला काढून लावले. पण त्या दिवशी तिचे चोपन्न हजार वाचले.

ज्या गावात जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, तिथे छाती का जळते हे टोचणी करून शोधायला नको. आम्ल-वायूशी शरीराने जुळवून घ्यावे असा उपचार जगात नाही. त्याचा अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण येथील प्रादेशिक कार्यालयात करावा लागतो. वास किती वाजता सुटला, किती वेळ राहिला, वारा कोणत्या दिशेचा होता, कोणाकोणाला त्रास झाला, हे तारीखवार लिहून, सह्या घेऊन, पोच घेऊन. त्या बाईंच्या गल्लीने अशी वही सुरू केली आहे. अर्ज लिहून द्यायला मी गेलो होतो. पहिल्या अर्जाची पोच मिळाली, उत्तर अजून यायचे आहे.

भाच्याला डॉक्टरबाईंनी आणखी एक पावसाळा थेंब घ्यायला सांगितले आहेत. बचत गटाचे कर्ज बहिणीने मागच्या वर्षी फेडले. त्या पहिल्या बाटल्या तिने टाकल्या नाहीत, माळ्यावर आहेत. अडचणीचा पंप पोराच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात असतो आणि वर्गशिक्षिकाबाईंना तो दाखवून ठेवला आहे. सकाळी तो उठतो, फ्रीज उघडतो, जिभेखाली थेंब टाकतो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहतो. नेमके त्याच वेळी त्याची आजी विचारते, "काय रे, आंघोळीचं पाणी काढू का?" तो हाताची दोन बोटे वर करतो. म्हणजे, थांब, दोन मिनिटे आहेत.